कवायत आणि कापड: रॅलेच्या कॉलेजकडून महाराष्ट्राने काय घ्यावं?



२०२५ च्या जून महिन्यात महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केलं की राज्यातल्या मुलांना पहिलीपासून प्राथमिक स्वरूपाचं सैनिकी शिक्षण देणार. निवृत्त सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी, स्काउट-गाइड अशा सगळ्यांची मदत घेणार. पहलगामचा हल्ला आणि त्यानंतरचं ऑपरेशन सिंदूर होऊन जेमतेम महिना झाला होता. त्या शनिवारी कॅरीत एका मित्राकडे पॉटलक होतं. पावभाजीची पहिली प्लेट संपायच्या आत मंडळींचे दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, "उत्तम झालं, पोरांना शिस्त लागेल." दुसरा म्हणाला, "आधी शाळांना मास्तर द्या, मग बंदुका द्या." दोन्ही पक्षांत आम्ही होतो (आम्ही दोघं नवरा-बायको, दोघंही इंजिनिअर, दोघंही आयटीत, त्यामुळे घरातच दोन पक्ष असायची सवय आहे).

मग ऑगस्ट आला. २७ ऑगस्ट २०२५ पासून बऱ्याचशा भारतीय मालावर अमेरिकेत एकूण ५० टक्के आयातशुल्क लागू झालं. त्यानंतर दर बदलत राहिले, वाटाघाटी होत राहिल्या, पण ते पहिले काही आठवडे इचलकरंजीहून येणारे फोन आम्ही विसरलेलो नाही. आमच्यापैकी एकाचं बालपण तिथलं, यंत्रमागाच्या खडखडाटातलं. फोनवर प्रश्न एकच. "तिकडं काय बोलत्यात? पुढच्या ऑर्डरींचं काय हुईल?" आम्ही काय सांगणार! आम्ही सॉफ्टवेअरवाले.

तेव्हा या दोन बातम्या वेगवेगळ्या वाटल्या. एक शाळेतल्या कवायतीची, दुसरी कापडाची. पण आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर एक कॉलेज आहे, जिथे या दोन्ही गोष्टी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकाच आवारात शिकवल्या जातात. आपल्यातले कित्येक जण तिथे शिकले, कित्येकांची मुलं तिथे आहेत. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे आपलं 'एनसी स्टेट'. त्या कॉलेजचा इतिहास चाळताना आम्हाला दोन्ही पक्षांना काही सांगण्यासारखं सापडलं. म्हणून हा लेख.

कायद्यातच होती कवायत

सुरुवात १८६२ पासून करावी लागते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. त्या वर्षी २ जुलैला अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. कायदा साधा होता. प्रत्येक राज्याला, काँग्रेसमधल्या त्याच्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन (किंवा तिच्या बदल्यात तेवढ्या जमिनीचं प्रमाणपत्र) मिळेल. ती विकून येणाऱ्या पैशातून राज्याने असं कॉलेज चालवावं, जिथे शेती आणि यंत्रविद्या शिकवली जाईल. आणि त्यातच एक छोटी अट: लष्करी डावपेचही शिकवले पाहिजेत. ज्या सरकारला युद्धाच्या ऐन धुमाळीत शिकलेले अधिकारी पुरत नव्हते, त्या सरकारने ही अट घालणं समजण्यासारखं आहे. ज्या जमिनी विकल्या गेल्या त्या बहुतेक मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या, ही गोष्टही त्याच कायद्याच्या पोटात आहे.

नॉर्थ कॅरोलिनाचे पैसे आधी चॅपल हिलच्या विद्यापीठाला मिळत होते. पण तिथे शेती-यंत्रविद्येकडे फारसं लक्ष नाही, अशी तक्रार होती. १८८४ मध्ये रॅलेतल्या काही तरुणांनी 'वटॉगा क्लब' काढला आणि औद्योगिक शाळा हवी म्हणून विधिमंडळामागे लकडा लावला. १८८७ मध्ये नवं कॉलेज मंजूर झालं, १८८९ च्या ऑक्टोबरात एका इमारतीत, सत्तरएक मुलांना घेऊन ते सुरू झालं. अटीप्रमाणे कवायत आलीच. शेतकऱ्यांची पोरं गणवेश घालून चिखलात 'लेफ्ट-राइट' करू लागली.

आता गंमत बघा. त्याच १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. म्हणजे आपलं व्हीजेटीआय! तिथेही मुख्य विषय दोन, यंत्रं आणि कापड. दोन्ही ठिकाणी कारण एकच होतं. जवळपास कापूस पिकत होता आणि गिरण्या चालवायला शिकलेली माणसं हवी होती. फरक एवढाच की मुंबईच्या पोरांच्या हातात बंदूक द्यायची इंग्रज सरकारची मुळीच इच्छा नव्हती. भारतीय विद्यार्थ्यांना कॉलेजात लष्करी शिक्षण मिळायला पहिलं महायुद्ध उजाडावं लागलं. १९१७ मध्ये विद्यापीठांत 'युनिव्हर्सिटी कोअर' सुरू झाली, आणि तिच्यातूनच पुढे १९४८ च्या कायद्याने एनसीसी उभी राहिली.

गिरण्या कापसाकडे आणा

अमेरिकेच्या दक्षिणेची त्या काळची रड वऱ्हाडातल्या माणसाला लगेच कळेल. कापूस इथे पिकायचा, गाठी बांधून उत्तरेला न्यू इंग्लंडला किंवा समुद्रापार इंग्लंडला जायचा, आणि तोच कापड होऊन चौपट भावाने परत यायचा. तेव्हा शार्लटचे एक इंजिनिअर-उद्योजक, डॅनियल ऑगस्टस टॉम्पकिन्स, गावोगाव सांगत फिरले की गिरण्या कापसाजवळ आणा, आणि त्या चालवायला आपलीच मुलं शिकवा. दक्षिण कॅरोलिनातल्या क्लेमसन कॉलेजात १८९८ मध्ये कापड विभाग सुरू झाला, १८९९ मध्ये जॉर्जिया टेकमध्ये आणि आपल्या एनसी स्टेटमध्येही. एनसी स्टेटने या विभागासाठी जी इमारत बांधली ती दिसायला हुबेहूब कापडगिरणीसारखी. तिला पुढे टॉम्पकिन्स यांचंच नाव मिळालं. १९१४ मध्ये ती आगीत जळाली, पुन्हा बांधली गेली. आज तिथे इंग्रजी साहित्य शिकवतात!

क्लेमसनचं उदाहरण तर आणखी ठळक आहे. १८९३ मध्ये ते उघडलं तेच लष्करी कॉलेज म्हणून. सगळे विद्यार्थी कॅडेट, सकाळी बिगुल, दिवसभर गणवेश. त्याच गणवेशात मुलं मागावर ताणा-बाणा शिकत. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिथल्या शेवटच्या वर्षाच्या अख्ख्या वर्गाने अध्यक्ष विल्सन यांना तार करून आपली सेवा देऊ केली होती.

या गौरवगाथेत कोण नव्हतं, तेही सांगायला हवं. ही दोन्ही कॉलेजं फक्त गोऱ्या मुलांसाठी होती. नॉर्थ कॅरोलिनात कृष्णवर्णीय मुलांसाठी १८९१ मध्ये वेगळं कॉलेज निघालं, ते ग्रीन्सबरोचं आजचं एनसी ए अँड टी. एनसी स्टेटमध्ये पदवीसाठी पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले १९५६ मध्ये. कापूस वेचणारे हात आणि कापड शिकणारे हात वेगळेच राहिले. आपल्याकडेही माग कोणी चालवायचा आणि पेढीवर कोणी बसायचं हे जातीने ठरत होतंच, त्यामुळे आपण यावर फार नाक वर करू नये.

घंटा नसलेला घंटाघर-मनोरा

एनसी स्टेटच्या आवारात हिल्सबरो रस्त्यालगत उंच दगडी मनोरा आहे. आपण पाहुण्यांना तिथे नेऊन फोटो काढतो. पहिल्या महायुद्धात मेलेल्या माजी विद्यार्थ्यांचं ते स्मारक. १९२१ मध्ये कोनशिला बसली, काम पैशाअभावी रेंगाळलं, बांधकाम संपलं १९३७ मध्ये. घंटांना पैसे नव्हते, म्हणून कित्येक दशकं तो घंटांविनाच उभा होता. अगदी अलीकडे, २०२० नंतर, त्यात खऱ्या घंटा बसल्या.

त्यातल्या नामफलकाची एक कथा आहे. मृतांच्या यादीत जॉर्ज जेफर्स हे नाव घातलं गेलं. नंतर लक्षात आलं की हा गृहस्थ जखमी झाला होता, पण जिवंत परतला होता! फलक तर कोरलेला. मग काय केलं, तर नावात थोडी अक्षरं फिरवून 'जॉर्ज जेफर्सन' असा एक काल्पनिक माणूस तयार केला. तो आजही तिथे आहे. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. नंतर वाटलं की गणवेशातली मुलं मोजताना सरकारं आणि संस्था किती सहज चुकतात, याचा हा दगडी पुरावाच आहे.

१९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने आरओटीसी (आपल्या एनसीसीची थोरली चुलत बहीण म्हणू) रीतसर सुरू झाली. कवायतीला अभ्यासक्रम मिळाला, लष्कराचे अधिकारी शिकवायला आले, आणि पूर्ण अभ्यासक्रम करणाऱ्याला अधिकारीपद मिळू लागलं. कापड विभागही वाढत होता. १९२५ मध्ये त्याचं स्वतंत्र 'स्कूल ऑफ टेक्सटाइल्स' झालं.

आणि १९४१ मध्ये या दोन गोष्टींची कायमची गाठ पडली. त्या वर्षी संरक्षण खर्चाच्या विधेयकात एक तरतूद आली, जी आज 'बेरी दुरुस्ती' म्हणून ओळखली जाते. अमेरिकी संरक्षण खात्याने गणवेश, तंबू, पॅराशूट वगैरे कापडी माल घ्यायचा तर तो अमेरिकेतच बनलेला हवा. नुसती शिलाई नव्हे, धाग्यापासून कापडापर्यंत सगळं. त्यात अपवाद आहेत, पण नियम तोच, आणि तो आजही लागू आहे.

सक्ती कधी गेली?

पॉटलकमधल्या पहिल्या पक्षाने इथे जरा कान द्यावा.

अशा लँड-ग्रँट कॉलेजांत पहिली दोन वर्षं मुलांना कवायत सक्तीची असे. पण मॉरिल कायद्यात 'शिकवा' म्हटलं होतं, 'सक्तीने शिकवा' असं म्हटलं नव्हतं. विस्कॉन्सिनने १९२३ मध्ये सक्ती काढून टाकली, आणि तेवढ्याने कायदा मोडत नाही असाच अर्थ पुढे मान्य झाला. उलट कॅलिफोर्नियात काही मेथडिस्ट मुलांनी धर्मश्रद्धेच्या कारणाने कवायतीला नकार दिला, त्यांना विद्यापीठाने काढलं, आणि १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे सक्ती करायचा हक्क शाबूत राहिला. तरी क्लेमसनने १९५५ मध्ये लष्करी कॉलेज हे रूप सोडलं आणि मुलींनाही दार उघडलं. एनसी स्टेटसह बहुतेक सरकारी विद्यापीठांतली सक्ती १९६० च्या दशकात संपली. १९७० च्या दशकात आरओटीसीत मुलीही आल्या.

सक्ती गेली म्हणून सैनिकी शिक्षण मेलं का? नाही. आज एनसी स्टेटमध्ये लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिन्हींची आरओटीसी आहे. मुलं कमी, पण जी आहेत ती स्वतःहून पहाटे उठून आलेली. मोबदल्यात शिष्यवृत्ती मिळते, आणि त्या बदल्यात साधारण आठ वर्षांची बांधिलकी असते, त्यातली बरीचशी शिष्यवृत्तीधारक मुलं चारेक वर्षं पूर्णवेळ सेवेत काढतात. व्यवहार चोख आहे, दोन्ही बाजूंना माहीत आहे.

आता आपल्याकडे या. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी कॉलेजात सक्तीची झाली. आपल्यातल्या अनेकांच्या वडिलांनी, काकांनी ती केली आहे. त्यांना विचारून बघा. कोणी अभिमानाने सांगेल, कोणी 'हजेरी लावून मागच्या फाटकाने कसे पळायचो' ते सांगेल. एकाच वेळी लाखो मुलांना शिकवायचं तर तेवढे प्रशिक्षक, रायफली, मैदानं आणायची कुठून? पाच वर्षांत, १९६८ मध्ये, सक्ती मागे घेतली गेली. पुढच्याच वर्षी एनएसएस निघाली. २०२१ मध्ये तर विद्यापीठ अनुदान आयोगाने एनसीसीला ऐच्छिक श्रेयांक-विषय म्हणून घ्यायची सोय केली. हा मार्ग आम्हाला शहाणपणाचा वाटतो. ज्याला हवं त्याला मिळेल, आणि जे केलं त्याचं गुणपत्रिकेत मोल होईल.

मग पहिलीतल्या मुलांचं काय? सहा वर्षांच्या मुलाला रांगेत चालणं, वेळ पाळणं, सकाळचा व्यायाम हे सगळं द्यावंच. आपल्या लहानपणी शाळेत पी.टी.चा तास होता, लेझीम होती. त्याला सैनिकी शिक्षण म्हणायची गरज काय? आणि महाराष्ट्राला याचं वावडं कधीच नव्हतं. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल १९३७ ची, देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्याची, १९६१ ची. पण तिथे मुलं निवडून जातात. निवड हा त्या शिक्षणाचा पाया आहे.

गिरण्या गेल्या, कॉलेज का उरलं?

आता दुसऱ्या पक्षासाठी, आणि इचलकरंजीच्या फोनसाठी.

आपल्यातले जे २००० च्या आधी इथे आले, त्यांनी नॉर्थ कॅरोलिनाच्या गिरण्या बंद पडताना पाहिल्या. १९९४ मध्ये नाफ्टा आला, शिलाई मेक्सिकोला गेली. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. १ जानेवारी २००५ ला मल्टीफायबर कराराचे उरलेसुरले कोटे संपले. त्याआधीच, ३० जुलै २००३ रोजी, कनॅपोलिसची पिलोटेक्स कंपनी एका दिवसात बंद झाली. या राज्यातले सुमारे ४,८०० कामगार एकदम घरी बसले. तोपर्यंत राज्यात एका दिवसात इतकी मोठी कपात कधीच झाली नव्हती. ज्याने १९८२ चा मुंबईचा गिरणी संप पाहिला किंवा घरात त्याच्या गोष्टी ऐकल्या, त्याला कनॅपोलिस नवीन नाही. २०१७ च्या अखेरीस ग्रीन्सबरोचा व्हाइट ओक हा डेनिमचा प्रसिद्ध कारखानाही थांबला.

गिरण्या गेल्यावर कापडाचं कॉलेज बंद पडायला हवं होतं. क्लेमसनचा कापड विभाग या शतकाच्या सुरुवातीला मटेरियल सायन्समध्ये मिसळून गेला. एनसी स्टेटचं मात्र वाढलं. १९८७ मध्ये ते 'कॉलेज' झालं, १९९१ मध्ये सेंटेनियल कॅम्पसच्या नव्या जागेत गेलं, २०१८ मध्ये २.८ कोटी डॉलरची देणगी मिळून 'विल्सन कॉलेज ऑफ टेक्सटाइल्स' झालं. हे कसं झालं?

आमच्या समजुतीप्रमाणे त्यांनी शर्टाच्या कापडाचा पाठलाग सोडला. न विणलेलं कापड, म्हणजे नॉनवोव्हन, यासाठी १९९१ मध्येच उद्योगांना सोबत घेऊन संशोधन केंद्र उघडलं. डायपरपासून मोटारीच्या गाळणीपर्यंत आणि शस्त्रक्रियेच्या गाऊनपर्यंत सगळीकडे हे लागतं. अग्निशामक दलाच्या आणि सैनिकांच्या कपड्यांची चाचणी घेणारी प्रयोगशाळा उभी केली. तिथे माणसाच्या आकाराचा, अंगभर सेन्सर बसवलेला एक पुतळा आहे. त्याला कपडे घालून ज्वाळांत उभं करतात आणि शरीराचा कुठला भाग किती भाजला असता ते मोजतात. २०२० मध्ये कोविडच्या ऐन टंचाईत याच कॉलेजच्या यंत्रांवर मास्कच्या गाळणीचं कापड तयार झालं. मागणारा कोण होता? रुग्णालयं, अग्निशामक दलं आणि लष्कर. बेरी दुरुस्तीमुळे देशात थोड्या तरी गिरण्या टिकल्या, गिरण्या टिकल्या म्हणून त्यांना इंजिनिअर लागले, आणि इंजिनिअर लागले म्हणून कॉलेज टिकलं. सगळं श्रेय बेरीला नाही, पण पायरी भक्कम होती.

आपण ज्या रिसर्च ट्रँगल पार्कात रोज लॅपटॉप घेऊन जातो, त्याच्या पहिल्या मोठ्या रहिवाशांपैकी एक केमस्ट्रँड ही कृत्रिम धाग्यांची कंपनी होती. आयबीएम आली नंतर, १९६५ मध्ये. म्हणजे आपल्या आयटीच्या आधी इथे धागाच आला होता!

आणि इचलकरंजी?

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्याने. १९८२ मध्ये, ज्या वर्षी मुंबईत संप झाला त्याच वर्षी, तिथे डीकेटीईचं टेक्सटाइल इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. गावात मागांची संख्या लाखाच्या घरात. म्हणजे कॉलेज आहे, माग आहेत, कामगार आहेत. मग कमी काय आहे?

कमी आहे तो नेमकं आणि कठीण काहीतरी मागणारा गिऱ्हाईक. बहुतेक मागांवर व्यापाऱ्याच्या सुतावर, मीटरमागे मजुरीवर साधं कापड निघतं. मजुरी वाढली तर व्यापारी भिवंडीकडे किंवा मालेगावकडे बघतो. अशा धंद्यात टेक्सटाइल इंजिनिअरला पगार कुठून मिळणार? म्हणून मागवाल्याचा पोरगा कॉम्प्युटर घेतो. आम्हाला हे पक्कं ठाऊक आहे, कारण तो पोरगा आम्हीच!

पण मागणारा भेटला की काय होतं तेही आपण पाहिलंय. २०२० च्या मार्चमध्ये भारतात पीपीई कव्हरऑल जवळजवळ बनतच नव्हते. दोन-तीन महिन्यांत दिवसाला लाखो बनू लागले. शिवणारे तेच, यंत्रं बरीचशी तीच. फरक पडला तो ठरलेला दर्जा, चाचणीची सोय आणि खात्रीची खरेदी यांमुळे. त्याच वर्षी केंद्राने १,४८० कोटी रुपयांचं राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग अभियान मंजूर केलं. दिशा बरोबर आहे. पण सियाचीनवरच्या जवानाचे अतिथंडीचे कपडे आपण वर्षानुवर्षं परदेशातून आणले, हेही खरं आहे. सोलापुरात तर गणवेश शिवणारा मोठा उद्योग आहे. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शहराला सैन्याचं अवघड काम का मिळू नये?

म्हणून आमच्या घरातल्या दोन्ही पक्षांचं शेवटी एका मुद्द्यावर एकमत झालं. पहिलीतल्या मुलाला सावधान-विश्राम शिकवण्याइतकंच, किंबहुना जास्त, सैनिकी शिक्षण इचलकरंजीच्या कॉलेजात होऊ शकतं. तिथल्या मुलांनी न पेटणारं कापड, उबदार पण हलका कोट, न फाटणारी पॅराशूटची दोरी बनवावी आणि सरकारने ती दर वर्षी मोजून विकत घ्यावी. कवायत ऐच्छिक ठेवा, खरेदी मात्र बंधनकारक करा. रॅलेच्या कॉलेजचा सव्वाशे वर्षांचा अनुभव आम्हाला तरी हेच सांगतो.

आपल्या घरातला प्रश्न

शेवटी एक गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एका घरातली, नावं देत नाही. मुलगा पुण्यात जन्मला, तीन वर्षांचा असताना इथे आला. त्याची बहीण रॅलेत जन्मली. वडील एच-वन-बी वर, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा वर्षांहून जास्त. पणजोबा साताऱ्याकडचे, फौजेत होते. त्यांचा फोटो दिवाणखान्यात आहे.

दोन्ही मुलांना गणवेशाचं आकर्षण. मुलीने आरओटीसीचा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "एवढ्यासाठी का आलो आपण इथे?" वडील काही बोलले नाहीत, फोटोकडे बघत बसले. मुलीला निदान निवडता तरी येईल. मुलाला तेही नाही. आरओटीसीचा करार करायला अमेरिकी नागरिकत्व लागतं, आणि तो तर एकवीस वर्षांचा झाला की आईवडिलांच्या व्हिसावरूनही उतरणार. 'प्लेज ऑफ अलिजन्स' बालवाडीपासून म्हटलेला मुलगा! तो सध्या टेक्सटाइल इंजिनिअरिंगला जायचं म्हणतोय. अग्निशामकांचे कपडे बनवायला कुठली शपथ लागत नाही, असं तो हसत म्हणतो. पण संरक्षण खात्याच्या काही प्रकल्पांची दारंही परदेशी नागरिकांना बंद असतात. हे त्याला सांगावं की नाही, असं त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारलं. आम्ही म्हटलं, सांगा. अठराव्या वर्षी कळलेलं बरं, बाविसाव्या वर्षी नोकरी शोधताना कळण्यापेक्षा.

जाता जाता एक कामाची सूचना. ज्यांच्या मुलांना ग्रीन कार्ड मिळालंय, त्या मुलग्यांची १८ ते २५ या वयात 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस'मध्ये नोंद असणं कायद्याने आवश्यक आहे. नागरिकत्व नसलं तरीही. वैध एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना ते लागू नाही. नोंद म्हणजे भरती नव्हे, घाबरायचं कारण नाही. पण ती राहून गेली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी प्रश्न विचारले जातात. कागदपत्रं एकदा तपासून घ्या.

पुढच्या वेळी भारतातून आई-बाबा आले की त्यांना मनोऱ्याजवळ न्या, जॉर्ज जेफर्सनचं नाव दाखवा, आणि मग सेंटेनियल कॅम्पसवरून एक चक्कर मारा. आमचे बाबा गेल्या वेळी तिथल्या मागांची गोष्ट ऐकून एवढंच म्हणाले, "एवढं सगळं आहे, तर मग आपल्या गावात कोण आणणार?" त्याचं उत्तर आम्हाला देता आलं नाही. आपल्यापैकी कोणाकडे असेल, इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी किंवा मालेगावशी कोणाचे धागे जुळलेले असतील, तर पुढच्या पॉटलकला जरूर गाठा. पावभाजी आमच्याकडून!